शरीरातील पहारेकरी

रानात निवांत चरणाऱ्या हरिणाला वाघाची चाहूल लागली, की ते कान टवकारते आणि क्षणार्धात चौखूर उधळते. संकट टळले, की तेच हरीण थोड्या वेळाने पुन्हा शांतपणे चरू लागते. एवढे बळ त्याच्या अंगी एकाएकी कोठून येते?

हरिणाच्या काय किंवा आपल्या काय, प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. मेंदूने संकटाची वर्दी देताच ही ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. त्यामुळे छाती धडधडते, श्वास जलद होतो, पचनाचे काम मंदावते आणि स्नायूंकडे अधिक रक्त धावते. प्राणी लढावयास किंवा पळावयास सिद्ध होतो. संकट लांबले, तर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला दुसरी आज्ञा देते. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक पाझरते व रक्तातील साखरेचा पुरवठा टिकवून धरते. ते पुरेसे झाले, की मेंदू आपली आज्ञा आवरती घेतो.

परंतु ताण संपलाच नाही तर? या प्रश्नाचे उत्तर एका फसलेल्या प्रयोगातून मिळू लागले. कॅनडातील माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये हे तरुण शास्त्रज्ञ नव्या संप्रेरकाच्या शोधात होते. ग्रंथींचा अर्क टोचलेल्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, रोगप्रतिकाराला साहाय्य करणारी थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. सेल्ये हर्षभरित झाले. पण फॉर्मॅलिनसारखे विषारी द्रव्य टोचल्यावरही तेच घडले! त्यांची मोठी निराशा झाली. तरीही त्यांनी विचार सोडला नाही. कडाक्याची थंडी, अतिश्रम, इजा यांचाही परिणाम तोच दिसला. कारणे निरनिराळी असली, तरी शरीराचे उत्तर एकच होते. १९३६ साली त्यांनी हा शोध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

माणसाला वाघाचे भय क्वचितच असते. पण घरातील आजारपण, डोक्यावरचे कर्ज, परीक्षेची धास्ती यांपासून हरिणासारखे पळून जाता येत नाही. पहारेकऱ्याने चोर आल्यावर हाक द्यावी, हे योग्यच. पण तो रोज रात्रभर ओरडत राहिला, तर घरच्यांना विसावा कसा मिळणार? कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर झोप बिघडते, स्मरणशक्ती मंदावते व रोगांशी झुंजण्याची शक्ती घटते. रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोकाही वाढतो.

म्हणून पुरेशी झोप, मोकळ्या हवेतील खेळ आणि जिवलगांचा सहवास यांना चैन समजू नये. मनातील काळजी आईवडिलांना, गुरुजनांना किंवा मित्राला सांगण्यात कमीपणा नाही. आपला एखादा सोबती अबोल व उदास दिसला, तर त्याच्याजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्याच्या पहारेकऱ्यालाही थोडा विसावा मिळेल.

शब्दार्थ
संप्रेरक – ग्रंथीतून रक्तात मिसळून इतर अवयवांना कार्यास लावणारे द्रव्य.
वर्दी – सूचना, बातमी.
आक्रसणे – आकुंचन पावणे.

स्वाध्याय
१. संकटाच्या वेळी शरीरात कोणते बदल होतात?
२. सेल्ये यांची निराशा का झाली? तिच्यातून शोध कसा लागला?
३. लेखकाने ग्रंथीला पहारेकऱ्याची उपमा का दिली असावी?