मेथीचा घोळाणा : चार जणांना किती रुपयांत?

ताटात रोज थोडं कच्चं, हिरवं असावं असं वाटत असेल, तर तयार सॅलडच्या पाकिटाला हात घालण्याआधी मेथीच्या घोळाण्याचा हिशोब मांडून पाहा. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत भाकरीबरोबर तो घरोघरी होतो. गॅस पेटवावा लागत नाही आणि दहा मिनिटांत ताटात येतो.

पुढचे दर हिवाळ्यातल्या किरकोळ बाजाराचे आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावचे घालून बेरीज करा. मेथीची मध्यम जुडी २० रुपये. एक कांदा आणि एक टोमॅटो मिळून ६. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट ४, चमचाभर कच्चं तेल ३, अर्धं लिंबू ३, मूठभर कोथिंबीर आणि दोन हिरव्या मिरच्या ४. एकूण ४० रुपये, म्हणजे माणशी १०.

यातला निम्मा खर्च एकट्या मेथीचा आहे, म्हणून भाव तिचाच नीट बघावा. पुण्याच्या मार्केट यार्डात पालेभाजीचे घाऊक दर शेकडा जुड्यांचे असतात आणि वर्तमानपत्रांत तसेच छापून येतात. मेथी शेकडा १००० म्हणजे जुडी १० रुपये. वाहतूक, हमाली आणि दिवसअखेर सुकून फेकावा लागणारा माल धरला, तर भाजीवालीने त्याच जुडीचे १८-२० सांगणं रास्तच आहे. तिथे घासाघीस करू नये.

जुडी घेताना आकारावर जाऊ नका. दोर सैल करून आतली पानं बघा. बाहेरून टवटवीत आणि मध्ये पिवळी, चिकट झालेली जुडी पाच रुपये स्वस्त असली तरी महागच पडते. घोळाण्याला लहान पानांची, फूल न धरलेली मेथी हवी. जून मेथी कच्ची खाताना कडू लागते. ३०० ग्रॅमच्या जुडीतून निवडून साधारण १५० ग्रॅम पाला हाती येतो, म्हणजे १०० ग्रॅम पाला १३-१४ रुपयांना पडला. निवडलेल्या मेथीचं पाकीट घेताना निव्वळ वजन वाचून याच आकड्याशी ताडून पाहा. १०० ग्रॅमला ३० रुपये असतील, तर वरचे १६-१७ निवडण्याचे आणि पाकिटाचे. घरात निवडायला कुणाला वेळ नसेल, तर तेवढे देण्यात काही गैर नाही.

पाला कच्चाच खायचा आहे, तेव्हा धुण्यात कसूर नको. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन मेथी बुडवा आणि पाला हाताने वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत, तर तळाशी बसलेली माती परत पानांवर येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदला, शेवटचं पाणी पिण्याचं घ्या आणि पाला फडक्यावर कोरडा करा.

आधी बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि मीठ हाताने चुरा. त्यात टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, तेल घाला. मेथी आणि कूट अगदी पानं वाढताना मिसळा, नाहीतर मिठाने पाल्याला पाणी सुटतं आणि सगळं लिबलिबीत होतं. तेल करडईचं किंवा घाण्याचं शेंगदाण्याचं घ्या. चमचाभरामागे रुपया-दोन रुपये जास्त जातील, पण कच्च्या तेलाची चव इथे थेट जिभेवर येते. काटकसर करायचीच तर लिंबात करा. आंबट टोमॅटो असला की ते लागतही नाही.

पावसाळ्यात जुडी ४०-५० रुपयांवर जाते आणि निम्मी चिखलाने भरलेली असते. तेव्हा कुंडीत किंवा पसरट ट्रेमध्ये मूठभर मेथीदाणे पेरावेत. दाण्यांचा खर्च पाच-सात रुपये, आणि दहा-बारा दिवसांत मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या समुद्रमेथीसारखी इवली, कोवळी रोपं कापायला येतात. दाणे स्वयंपाकघरातलेच पेरा. शेतीच्या दुकानातल्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते इतक्या कोवळ्या, कच्च्या पाल्यासाठी वापरू नये.