साखरेचा रोग आणि आपली नजर

अंधुक दिसू लागले, की आपण म्हणतो, "मोतीबिंदू आला असेल. पिकला की काढू." पण ज्याला मधुमेह, म्हणजे साखरेचा रोग आहे, त्याने असे थांबू नये. त्याच्या डोळ्यात दुसराही रोग असू शकतो.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. समोरच्या वस्तूचे चित्र त्यावर उमटते, म्हणून आपल्याला दिसते. या पडद्याला रक्ताच्या बारीक नळ्या असतात. रक्तात साखर फार दिवस जास्त राहिली, की त्या कमजोर होतात. पाटाला भेग पडली की पाणी पाझरते, तसे त्यांतून पाणी पाझरते आणि पडदा सुजतो. काही नळ्या बुजतात. मग नव्या नळ्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. त्या तुटल्या, की डोळ्यात रक्त उतरते. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळे येते.

हा रोग मोठा लबाड आहे. सुरुवातीला डोळा दुखत नाही, लाल होत नाही. दिसतेही नीट. म्हणून साखर असलेल्याने दिसत असतानाच, वर्षातून एकदा तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात व पडदा पाहतात. नंतर काही तास अंधुक दिसते. तेव्हा सोबत कोणाला तरी न्यावे.

यावर उपाय आहेत. लेसरचे किरण देतात. कधी डोळा बधीर करून आत औषधाची सुई देतात. फार रक्त साठले तर शस्त्रक्रिया करतात.

अमेरिकेत सतराशेहून अधिक रोग्यांचा एकच डोळा किरणांनी उपचारला, दुसरा तसाच ठेवला. १९७६ साली निकाल आला. दोन वर्षांत उपचार न केलेल्या १०० डोळ्यांपैकी सुमारे १६ डोळ्यांची नजर फार गेली. उपचार केलेल्या १०० पैकी सुमारे ६ डोळ्यांचीच गेली.

गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही. उरलेली राखता येते. म्हणून आम्ही सांगतो, साखर व रक्तदाब ताब्यात ठेवा, औषध चुकवू नका, विडी सोडा आणि डोळे दाखवा.

प्रश्न
१. साखरेने पडद्याचे काय होते?
२. नीट दिसत असतानाही डोळे का तपासावेत?
३. तुमच्या घरात कोणाला साखर आहे? त्यांचे डोळे कधी तपासले?