माग काढणारा ब्लडहाउंड

'ब्लडहाउंड' हे नाव ऐकताच रक्ताला चटावलेल्या क्रूर जनावराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुस्थिती उलट आहे. हा कुत्रा शांत, काहीसा लाजाळू आणि माणसाळू असतो. माग काढून तो माणसापर्यंत पोचतो. त्याचे लचके तोडीत नाही.

या जातीचे मूळ आजच्या बेल्जममधील आर्डेन्सच्या अरण्यात आहे. इ. स. 727 मध्ये निधन पावलेला संत ह्यूबर्ट हा तिकडे शिकाऱ्यांचा रक्षणकर्ता मानला जातो. त्याच्या नावाच्या मठातील साधू हे कुत्रे जोपासीत व दरवर्षी त्यांतील काही फ्रान्सच्या राजास नजर करीत, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे इंग्लंडात ही जात विशेष जोपासली गेली.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे 68 सेंटिमीटर उंच व 50 किलोच्या आसपास वजनाचा असतो. लांब लोंबते कान, कपाळावर सुरकुत्या आणि घनगंभीर आवाज या त्याच्या खुणा होत. परंतु त्याचे खरे धन म्हणजे नाक. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. प्रत्येकाचा गंध निराळा असतो. हरवलेल्या मुलाचा सदरा हुंगावयास दिला, की अनेकांच्या वासांतून तेवढा एकच वास धरून हा कुत्रा चालू लागतो. दमट, गार हवेत माग टिकतो. कडक उन्हात व वाऱ्यात तो लवकर विरतो.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर पूर्वी गुरे पळविणाऱ्यांचा पाठलाग याच्या जातभाईंकडून करवीत. अमेरिकेत 1865 पूर्वी पळालेल्या गुलामांमागे 'ब्लडहाउंड' म्हणविले जाणारे कुत्रे सोडीत. हरवलेल्यास घरी आणणारी विद्या ती हीच! दोष कुत्र्याचा नव्हे, दोरी धरणाऱ्या हाताचा.

पुढे न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला. 1898 साली केंटकी राज्याच्या न्यायालयाने ठरविले की, कुत्र्याचा वंश, त्याचे शिक्षण व त्याची विश्वासार्हता आधी सिद्ध झाली, तरच त्याने काढलेला माग पुरावा म्हणून विचारात घ्यावा. हा विवेक योग्यच होय. अमुक मनुष्य या वाटेने गेला, एवढेच नाक सांगते. तो का गेला आणि तो अपराधी आहे की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी माणसाचीच. ती कुत्र्यावर ढकलून चालणार नाही.