जुना संसर्ग की नवा?

नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी गर्भवती स्त्री सरकारी दवाखान्यात नाव नोंदविते, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही व उपदंश यांची तपासणी होते. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परोपजीवीची तपासणी मात्र या नेहमीच्या यादीत नसते. १९०८ साली निकोल व मांसो यांनी ट्यूनिस येथे गुंडी नावाच्या कृंतक प्राण्यात हा एकपेशीय जीव पाहिला. आकार धनुष्यासारखा, ग्रीक भाषेत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य.

मांजराच्या विष्ठेतून याचे असंख्य कोष मातीत पडतात व ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात. निंदणीचे हात न धुता भाकरी खाल्ली किंवा कोथिंबीर नीट धुतली नाही, की ते पोटात जातात. अर्धवट शिजलेले मांस ही दुसरी वाट. पण आपल्याकडे मटण रटरटून शिजवतात, म्हणून ती बरीचशी बंदच!

निरोगी माणसाला या संसर्गाचा बहुधा पत्ताही लागत नाही. गर्भारपणात तो प्रथमच झाला, तर मात्र जीव वारेतून गर्भात शिरून मेंदूला व डोळ्यांना इजा करू शकतो. पहिल्या महिन्यांत तो क्वचितच पार होतो, पण झाला तर इजा मोठी. शेवटच्या महिन्यांत नेमके उलट.

म्हणून प्रश्न ‘संसर्ग आहे का’ एवढाच नाही; तो केव्हा झाला, हा आहे. रक्तातील प्रतिपिंडे याची साक्ष देतात. आयजीएम प्रतिपिंडे आधी येतात, आयजीजी मागाहून येऊन जन्मभर राहतात. परंतु आयजीएमही कधीकधी वर्षभर रेंगाळतात. अशा वेळी आयजीजीची पकड मोजतात. नवी प्रतिपिंडे सैल धरतात, जुनी घट्ट. पकड घट्ट असली, तर संसर्ग निदान चार महिन्यांपूर्वीचा.

पुष्कळ घरी गर्भपातानंतर ‘टॉर्च’ तपासणी करतात आणि आयजीजी ‘पॉझिटिव्ह’ दिसताच घाबरतात. वास्तविक गर्भधारणेपूर्वीचा संसर्ग निरोगी स्त्रीच्या पुढील गर्भाचे बहुधा रक्षणच करतो. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचा दोष त्याच्यावर, किंवा त्या बाईवर, टाकणे चूक आहे.

ऑस्ट्रियाने १९७५ साली व फ्रान्सने १९७८ साली सर्व गर्भवतींची तपासणी सुरू केली. जिच्या रक्तात प्रतिपिंडे नाहीत, तिची तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. कारण आजचा ‘निगेटिव्ह’ उद्याची हमी देत नाही.

घरच्या मांजराला हाकलण्याचे कारण नाही. विष्ठेतील कोष संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घाण रोजच्या रोज काढावी, आणि ती घरातल्या दुसऱ्या कोणी काढावी.