कोण कोणासमोर? कबड्डीच्या सामन्याआधीची चर्चा



सामन्याचा दिवस जवळ आला की शाळेत एक वेगळाच तास सुरू होतो. तो वेळापत्रकात नसतो. पाण्याच्या टाकीपाशी, सायकली लावतो तिथे, बसथांब्यावर, जिथे चारजण जमतील तिथे तो भरतो. विषय एकच असतो : त्यांचा तो उंच चढाईपटू आला तर त्याला धरणार कोण? आपला डावा कोपरा त्याला पुरा पडेल का? मग आवाज चढतात, पैजा लागतात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते. प्रस्तुत लेख या चर्चेविषयी आहे. ती बंद करा असे मी म्हणणार नाही, ती नीट करायला शिका एवढेच सांगायचे आहे. नीट केली तर ती सरावाइतकीच उपयोगी असते.

आपल्या आजोबांच्या तोंडी हा खेळ हुतुतू होता, शेजारच्या तेलुगू घरांत चेडुगुडु. आज सगळेच कबड्डी म्हणतात. नाव बदलले तरी गोम तीच आहे. एकटा माणूस सातजणांच्या घरात शिरतो आणि तीस सेकंदांत परत यायचे असते. वरवर पाहता ही एकाची सातांशी लढत आहे, पण प्रत्यक्षात एका वेळी ती बहुधा एकाची एकाशीच असते. चढाई करणारा एक बाजू निवडतो, त्या बाजूचा कोपरा त्याच्या पायाची वाट पाहत असतो आणि बाकीचे पाचसहाजण त्या दोघांच्या हालचालीवर आपली पावले ठरवतात. म्हणूनच 'कोण कोणासमोर' हा प्रश्न पोरकट मुळीच नाही.

आता पहिली अडचण. चढाई करणारा आपल्याकडे तोंड करून येतो. त्याचा डावा तो आपला उजवा. चर्चेत एकजण म्हणतो, "तो डावीकडून शिरतो." दुसरा समजतो की आपल्या डाव्या कोपऱ्याचे काम आले. दोघेही अर्धा तास भांडतात आणि बोलत असतात वेगवेगळ्या बाजूंबद्दल. त्यात आपल्या संघात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी अशा सगळ्या घरांतली मुले आहेत. एकाचा 'डावा', दुसऱ्याचा 'एडम'. तेव्हा आधी एक ठरवून टाका : बाजू नेहमी आपल्या कोपऱ्यांच्या हिशेबानेच सांगायची आणि शब्द सर्वांनी एकच वापरायचा. क्षुल्लक वाटते, पण मी पाहिलेल्या निम्म्या वादांचे मूळ एवढेच होते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपण माणसाच्या नावाबद्दल बोलतो, त्याच्या कामाबद्दल बोलत नाही. "तो भारी आहे", "त्याला कोणी अडवूच शकत नाही" ही वाक्ये ऐकून आपल्या कोपऱ्यावरच्या मुलाने करायचे काय? घाबरायचे, एवढेच. त्याऐवजी असे सांगा : तो पहिला पाय कोणता टाकतो, निदान रेषा ओलांडल्यावर हाताने स्पर्श करायला जातो की पायाने, वळताना पाठ दाखवतो का, सहाजण उभे असले की बोनसच्या मागे लागतो का, दमल्यावर कोणत्या बाजूला पळतो. अशा एका वाक्यातून कोपऱ्याला काम मिळते. तो बोनससाठी पाय टाकणार हे ठाऊक असेल तर घोट्याची पकड कधी करायची हे आदल्या दिवशी घोटून ठेवता येते.

याहून वाईट वाक्येही कानावर येतात. "त्या गुड्यावरची पोरं जन्मतःच दणकट असतात", "अमक्या समाजातल्यांना पकड जमत नाही, नुसते पळता येते." मित्रहो, याला खेळाचा अभ्यास म्हणत नाहीत. उटनूर परिसरात आश्रमशाळांचे संघ चांगले खेळतात, कारण ती मुले वसतिगृहात एकत्र राहतात आणि रोज संध्याकाळी एकत्र मैदानात उतरतात. साखळी करून पकडणे हे जन्माने येत नाही. शेजारच्याचा हात केव्हा सुटतो हे शंभर वेळा अनुभवल्यावर ते जमते. आणि आपल्याच संघातला एखादा मुलगा अशा बोलण्यामुळे बाहेर बसला, तर त्याचे नुकसान एका सामन्यापुरते राहत नाही. पालकांनीही घरी हे बोलताना जरा जपावे, कारण मुले हे मैदानावर घेऊन येतात.

नावाला भुलू नये याचा मोठा धडा 2016 साली अहमदाबादला मिळाला. विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात कोरियाने यजमान भारताला 34–32 असे हरवले. कोरियाचा जँग कुन ली त्याआधीच प्रो कबड्डीत खेळून गेला होता. आपली चढाई आणि पकड त्याने आत राहून पाहिली होती. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला भारत 13–18 असा मागे होता. दुसऱ्या सत्रात अजय ठाकूरच्या चढायांनी सामना फिरला. त्याने एकूण 12 गुण मिळवले आणि भारत 38–29 असा जिंकला. मध्यंतरात कोणी पैज लावली असती तर आकडे इराणच्याच बाजूने होते.

पुढे 2018 साली जाकार्ताला आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. 1990 सालापासून पुरुषांचे सुवर्ण सातही वेळा भारतानेच जिंकले होते, त्यामुळे चर्चा एवढीच की अंतिम सामना किती गुणांनी जिंकायचा. उपांत्य सामन्यात पुन्हा इराण, पुन्हा एकीकडे अजय ठाकूर आणि दुसरीकडे डाव्या कोपऱ्यावर फझल अत्राचली. या वेळी इराण 27–18 असा जिंकला. हा फझल 2015 साली यू मुंबाकडून खेळला होता आणि तेव्हा त्याचा कर्णधार होता अनुप कुमार, म्हणजे पुढच्या वर्षी विश्वचषक उचलणारा भारताचा कर्णधार. एकमेकांच्या सवयी दोन्ही बाजूंना ठाऊक होत्या. मागचा निकाल सांगून जो आजची जोडी मोजतो तो अर्धाच हिशेब करतो, कारण मधल्या दोन वर्षांत समोरचाही शिकत असतो.

दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27–24 असे नमवले. इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्या मातीत हा खेळ वाढला तिथली बाई परक्या देशात जाऊन मुलींना घडवते आणि त्या मुली तीन गुणांनी सुवर्ण नेतात. आपण हरलो याचे वाईट वाटले, तरी मला या सामन्याचा अभिमानही वाटतो. आपल्या मुली सातवीनंतर मैदानावर दिसेनाशा होतात, त्यांच्या पालकांना हा प्रसंग मी नेहमी सांगतो.

कबड्डीबाहेरचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॉलेजांची मोठी बास्केटबॉल स्पर्धा दरवर्षी मार्च महिन्यात होते. सामन्याआधी तिथे घराघरात हाच खल चालतो : त्यांच्या उंच खेळाडूसमोर आपला कोण उभा राहणार, बाहेरून बॉल टाकणाऱ्याला कोण अडवणार. प्रत्येक विभागात संघांना पहिला ते सोळावा असे क्रमांक देतात आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी पडते. 1985 सालापासून पुरुषांच्या स्पर्धेत अशा 135 सामन्यांत सोळावा एकदाही जिंकला नव्हता. 2018 साली मेरीलँडमधल्या बाल्टिमोरच्या एका विद्यापीठाने व्हर्जिनियाला 74–54 असे हरवले. त्यातले मध्यंतरापर्यंतचे गुण 21–21 होते! 135 सामन्यांचा इतिहास खराच होता, फक्त त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या पाचजणांबद्दल तो काही सांगत नव्हता.

आता चर्चेत नेहमी राहून जाणारी गोष्ट. समजा, त्यांचा मुख्य चढाईपटू आपण धरला. पुढे काय? तो आत केव्हा येणार? त्यांनी जितके खेळाडू बाद केले तितके त्यांचे परत येतात, आणि तेही बाद झाल्याच्या क्रमानेच. बोनसच्या गुणाने कोणी परत येत नाही. म्हणजे त्याच्याआधी दोघे बाहेर बसले असतील तर त्याचा नंबर तिसरा. अशा वेळी आपल्या चढाईपटूने उगाच शौर्य दाखवून पकडले जाऊ नये, कारण प्रत्येक पकडीबरोबर तो एकेक पाऊल आत येत असतो. पण जिथे तिसऱ्या चढाईचा नियम लावतात तिथे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. मग ती तिसरी कोणाला द्यायची? माझ्या मते सामन्याआधीच्या चर्चेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि पाण्याच्या टाकीपाशी तो मी अजून एकदाही ऐकलेला नाही.

नियमांचेही असेच. 2023 साली हांगझोऊला भारत आणि इराण यांच्या अंतिम सामन्यात 28–28 अशी बरोबरी असताना पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे खेळाडूही त्याच्यामागे गेले. नियम जुना की नवा यावरून सामना बराच वेळ अडून राहिला, शेवटी भारत 33–29 असा जिंकला. तेव्हा कर्णधाराने पंचांना आधीच विचारून घ्यावे : मैदान मातीचे की मॅटचे, तिसऱ्या चढाईचा नियम आहे की नाही, बोनस आहे का.

येत्या मंडल पातळीच्या सामन्यांसाठी संघातल्या प्रत्येकाने वहीची दोन पाने काढावीत. डाव्या पानावर समोरच्या संघातल्या तीन चढाईपटूंबद्दल स्वतः डोळ्यांनी पाहिलेले लिहावे. ऐकीव नको. उजव्या पानावर त्यासमोर आपल्यापैकी कोणी काय करायचे ते लिहावे. पान कोरे राहिले तर राहू द्या, ते पीईटी सरांना दाखवा, म्हणजे कुठे पाहायचे ते ते सांगतील. सामना झाल्यावर तेच पान काढून जे खोटे ठरले त्याखाली रेघ मारा.

आदरणीय विश्वस्तांना एक विनंती. समोरच्या संघाचा खेळ पाहिल्याशिवाय हे डावे पान भरत नाही. इंद्रवेल्ली किंवा नारनूरला सामने असतील तेव्हा दोन मुले आणि दोन मुली यांना शिक्षकांसोबत नुसते पाहायला पाठवण्याचे बसभाडे शाळेने द्यावे. खेळाच्या साहित्याइतकाच हा खर्च आवश्यक धरावा.