संगणकावरील भिंत व तिचे गुणधर्म



आपण वहींत घराचा नकाशा काढतों तेव्हां भिंत म्हणजे केवळ दोन समांतर रेषा असतात. भिंत किती उंच, विटांची कीं दगडांची, हें त्या रेषा सांगूं शकत नाहींत. आज वास्तुशिल्पी ज्या संगणक-प्रणालींवर घराची आंखणी करितात, त्यांत मात्र भिंत ही रेषा नसून एक वस्तु असते, व प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या गुणधर्मांची यादी असते. ती यादी वाचावी कशी व बदलावी कशी, हें येथें पाहूं.

फ्रीकॅड ही विनामूल्य मिळणारी प्रणाली घ्या. पडद्यावरील भिंतीवर टिचकी मारली कीं कडेच्या तक्त्यांत दोन सदरें दिसतात. पहिलें दृश्याचें: त्यांत रंग, पारदर्शकता, वस्तु दिसावी कीं लपावी, अशा दिसण्यासंबंधींच्या गोष्टी असतात. दुसरें माहितीचें: त्यांत लांबी, जाडी, उंची व साहित्य यांची नोंद असते. जाडीच्या जागीं नवा आंकडा लिहिला कीं चित्रांतील भिंत तशी होते. क्षेत्रफळासारखे कांहीं गुणधर्म प्रणाली स्वतः हिशेबानें काढते. ते हातानें बदलतां येत नाहींत.

रेव्हिट नांवाच्या प्रणालींत आणखी एक भेद आहे. कांहीं गुणधर्म एकेका वस्तूचे, तर कांहीं संपूर्ण जातीचे असतात. एका खिडकीची जमिनीपासूनची उंची बदलली तर तेवढीच खिडकी सरकते; परंतु त्या जातीची रुंदी बदलली तर इमारतींतील त्या जातीच्या साऱ्या खिडक्या एकदम बदलतात. म्हणून आंकड्यास हात लावण्यापूर्वीं तो कोणाचा, हें पाहावें.

आतां मुख्य गोष्ट. दृश्याच्या सदरांत भिंतीस दगडाचा रंग दिला म्हणून ती दगडाची होत नाहीं. दिसणें निराळें व असणें निराळें. हा धडा आपल्या मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस भूकंप झाला व हजारों माणसें स्वतःच्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. तीं घरें दिसावयास भक्कम होतीं. भिंती दोन फूट व त्याहूनही जाड होत्या. परंतु दगड चिखलांत बसविलेले, आंतील व बाहेरील थरांस सांधणारे आरपार दगड बहुधा नाहींत, आणि वर माळवदाच्या मातीचें प्रचंड ओझें.

गुणधर्मांच्या यादींतून हें कसें दिसतें पाहा. ४ मीटर लांब, ३ मीटर उंच व ६० सेंटिमीटर जाड भिंतीचें घनफळ ७.२ घनमीटर. घनमीटरास सुमारें २,३०० किलो धरल्यास तिचें वजन साडेसोळा टन भरतें. तीच भिंत २३ सेंटिमीटर जाड विटांची केल्यास, घनमीटरास १,९२० किलोप्रमाणें, वजन सवापांच टनांच्या आसपास येतें. जमीन हादरते तेव्हां वजन जितकें अधिक तितका धक्काही अधिक. जाडी म्हणजे बळ नव्हे.

जमिनीची नोंदही चुकूं शकते. भूकंपापूर्वीं भारतीय मानकाच्या नकाशांत किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत होता. २००२ सालीं तो तिसऱ्या विभागांत घेण्यांत आला.

संगणक आपण लिहूं तें खरें मानतो. चुन्याच्या जागीं सिमेंट लिहिलें तरी तो हरकत घेणार नाहीं. हिशेब तेवढा खोटा निघेल. खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा प्रभु येशूचा दृष्टांत आपण उपासनेंत ऐकतों. तीं दोन घरें पूर येईपर्यंत पाहणारास सारखींच वाटलीं असतील. भेद होता तो पायाच्या गुणधर्मांत.

येत्या सुटींत एक अभ्यास करा. नांदेडास राहा वा लातुरास, वडिलांस अगर आजोबांस बरोबर घेऊन घराच्या एका भिंतीची लांबी, उंची व दाराच्या चौकटीपाशीं जाडी मोजा. ती कशानें बांधली, वर ओझें कशाचें, दगड कशांत बसविले, हें त्यांस विचारून लिहून काढा. जी नोंद कळणार नाहीं ती जागा कोरी ठेवा, अंदाजानें भरूं नका. ही यादी नीट करतां आली, म्हणजे संगणकावरील यादी कळण्यास फारसा वेळ लागणार नाहीं.