आधी लीद, मग चंदी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून घोडी आणली ती मार्गशीर्ष अमावास्या उलटून दोन-तीन दिवस झाल्यावर, रात्रीच्या टेम्पोने. लोहा, पालम करत गंगाखेडजवळच्या आमच्या गावी पोचायला पहाट झाली. कुमैत रंग, वय चार वर्षं, कपाळावर चांद. लग्नसराईत वरातीला लावायची म्हणून बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेली. पंधराव्या दिवशी तिला बांधाला पुरावं लागलं. जे झालं ते सगळं सांगतो, कारण घोडं पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या दारात ते होऊ नये.

विकणाऱ्या दादांनी दावं हातात देताना बजावलं होतं, "कडब्यावरची हाय. भिजवलेला हरभरा सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा द्या. बाकी काही एकदम दाखवू नका." मी मान हलवली आणि घरी येऊन उलटंच केलं. तोबरा ज्वारीने भरला, वर गूळ घातला. कडबा संपत आला होता, म्हणून गव्हाणीत सोयाबीनचं भुसकट टाकलं. बघायला येणारा प्रत्येकजण येताना हरभऱ्याचे डहाळे उपटून आणायचा. थंडी कडाक्याची. हौदाच्या गार पाण्यात ती नुसते ओठ बुडवून मान वर काढायची. आम्हाला वाटायचं, प्यायली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चंदी अर्धीच खाल्ली. दोनदा मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघितलं. मी म्हणालो, प्रवासाचा शीण असेल. तिच्या मागची जागा दुपारपासून कोरडी आणि स्वच्छ होती, हे मला दिसलं होतं. उलट झाडायचं काम वाचलं म्हणून बरंच वाटलं. ती स्वच्छ जागा आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

रात्री अकराच्या सुमारास ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. बसायची, उठायची, वरचा ओठ मुडपायची, मग मागचे पाय ताणून लघवीला उभी राहिल्यासारखी थांबायची. शेजारचे मामा म्हणाले, "लघवी तुंबली हिची. लोळायली बघ कशी." आमच्याकडे सगळे हेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. पोट ताणलं, दुखू लागलं की घोडं तसं उभं राहतं. कळ आतड्याची असते. आम्ही गोडेतेलात हिंग-ओवा कालवला, चौघांनी मान वर धरली आणि बाटलीने पाजलं. ती खोकली. नाकपुडीतून तेलाची तार लोंबली. मी ती रुमालाने पुसली आणि उरलेलं तेलही पाजलं.

डॉक्टर उजाडताना आले. खालच्या जबड्याच्या काठाशी बोट ठेवून त्यांनी नाडी मोजली. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. हिची 70च्या वर होती. हिरड्या पाहिल्या. दोन्ही कुशींना कान लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आतडं जवळजवळ गप्प आहे." मोठ्या आतड्याला एक अरुंद वळण असतं, तिथे भुसकटाचा गोळा अडकला होता. नाकावाटे पोटात नळी सारून त्यांनी पातळ पॅराफिन आणि पाणी दिलं, शिरेतून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लिदीचे चार कडक, शेंबडाळ गोळे पडले. ते बघून माझी बायको रडली. पोट मोकळं झालं होतं, पण छातीत गेलेलं तेल निघालं नाही. ताप चढला, न्यूमोनिया झाला, आणि त्यातच ती गेली.

नंतर डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. एवढं मोठं जनावर, पण घोड्याचं जठर जेमतेम एका बादलीएवढं. त्याला उलटी करता येत नाही, म्हणजे एकदा गिळलेलं तोंडाकडे परत येत नाही. लहान आतड्यात न पचलेलं धान्य मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि वायू धरतो. तिथे चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात. नव्या चाऱ्याला सरावायला त्यांना आठ-दहा दिवस तरी लागतात. मी त्यांना एक दिवससुद्धा दिला नव्हता.

आता आमच्या दारात दुसरी घोडी आहे. पहाटे उठल्यावर चहाच्या आधी मी तिची लीद बघतो. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी पडायला हवी. गोळे ओलसर, हाताने सहज फुटणारे. कमी दिसली, बारीक किंवा कडक झाली, तर त्या वेळची चंदी बंद आणि डॉक्टरांना फोन. लोळण्याची वाट बघायची नाही. लोळणं ही फार पुढची पायरी आहे, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तळमळणारं जनावर अचानक गप्प होऊन घामाने थंडगार पडणं.

पोट भरायचं ते वैरणीने. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला पाच ते सात किलो कोरडी वैरण लागते, तीन-चार वेळा विभागून. चंदी त्यावर थोडी, आणि घोडी जेवढी कामावर असेल त्या मानाने. लग्नं नसतात त्या दिवसांत मी ती अर्ध्यावर आणतो. चारा बदलायचा झाला तर जुन्या कडब्यात नवा मूठमूठ मिसळत दहा दिवस घेतो. नुसत्या भुसकटावर घोडं ठेवू नका, विशेषतः पाणी कमी पिण्याच्या दिवसांत. हल्ली कडब्याच्या पेंढ्या नायलॉनच्या दोरीने बांधतात. तिचा एक तुकडा आतड्यात गेला तरी गोळा धरतो, म्हणून पेंढी सोडताना दोरी मोजून खिशात घालतो. वैरण गव्हाणीतच. जमिनीवर टाकली की मातीही पोटात जाते.

पाण्याचं तर मी डोक्यातच घेतलं आहे. दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं, आणि परभणीच्या मे महिन्यात, वरातीवरून घामाने निथळत आल्यावर, त्याहून कितीतरी जास्त. हिवाळ्यात मी पाणी कोमट करून बादलीने देतो. किती प्यायली ते बादलीत दिसतं, हौदात दिसत नाही. मिठाचा खडा चाटायला कायम टांगलेला असतो. वरातीत पाहुणे हौसेने बुंदी, भात, पोळ्या भरवतात. त्यांना हात जोडून नाही म्हणतो. कुणी रागावलं तरी चालतं.

वर्षातून एकदा दात दाखवतो. कडा धारदार झाल्या की चारा नीट चावला जात नाही. जंताचं औषध लीद तपासून, डॉक्टर सांगतील तसं. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण जिंतूर किंवा सोनपेठकडच्या माणसाला मध्यरात्री तिथे पोचणं सोपं नाही. म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबर तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. ते येईपर्यंत समोरची वैरण उचला. घोडं शांत उभं असेल तर उभं राहू द्या, लोळू पाहत असेल तर मऊ जागेत हळूहळू चालवा, पळवू नका. लोळणाऱ्या घोड्याच्या पायांजवळ जाऊ नका. दुखणं थांबवणारी सुई स्वतःहून टोचू नका, रोग झाकला जातो. आणि तोंडातून तेल, ताक, सोडा, काहीही पाजू नका.

गेल्या माळेगावला भाचा घोडी घ्यायला निघाला, तेव्हा मी सोबत गेलो. सौदा झाल्यावर विकणाऱ्याकडून त्याच्याच ढिगातला दहा दिवसांचा कडबा विकत घेतला. भाचा म्हणाला, "मामा, घरी कडबा हाय की." मी पेंढ्या टेम्पोत रचल्या. पालमला गाडी थांबवून बादलीभर पाणी दाखवलं. ती अर्धी बादली प्यायली. गंगाखेडच्या अलीकडे टेम्पोत तिने लीद टाकली, तेव्हा मी भाच्याला टॉर्च लावायला सांगितला.